हिरवीचं माहेरपण

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या सासऱ्यांना गाडी चालवता येत नाही, शिकायची हौसही नाही, आणि तरी घरात सगळ्यात जास्त गाड्या त्यांच्याच आहेत. लग्न ठरताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा घरी आले तेव्हा सासूबाईंनी बैठकीतलं काचेचं कपाट दाखवलं आणि म्हणाल्या, "ही बघ माझी सवत." आत फळ्यांवर ओळीने तळहातावर मावतील अशा ओतीव धातूच्या गाड्या होत्या, सगळ्या अमेरिकन, सगळ्या जुन्या. लांब नाकाच्या, फुगऱ्या गालांच्या, काहींना तर मागे माशासारखे पर फुटलेले. मी ज्या ठेंगण्या गाडीत शिकाऊ माणसांचे धक्के खात दिवस काढते, तिच्यासारखी एकही नव्हती.

सासरे कवळ्या करतात. दंतवैद्य माणसाच्या हिरड्यांचं माप घेतात, ते माप डबीतून आमच्याकडे येतं, आणि घराच्या मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि गुलाबी भुकटी यांच्यातून नवे दात उभे राहतात. ज्यांचे दात केले ती माणसं सासऱ्यांनी बहुधा पाहिलेलीही नसतात. पण रस्त्यात कोणी म्हातारं हसलं की त्यांची नजर आधी तोंडात जाते, आणि पुढे गेल्यावर हळूच म्हणतात, "माझं काम." एकदा एका समारंभात जेवणाऱ्या एका बाईकडे ते इतके टक लावून बघत बसले की सासूबाईंनी टेबलाखालून त्यांचा पाय चेंगरला.

मला चौकशा करायची खोड आहे. माहेरी त्यावरून खूप बोलणी खाल्ली, सासरी आल्यावर ती सुटेल असं आईला वाटलं होतं. उलट इथे आयतंच कपाट मिळालं. गाडी येत नाही त्या माणसाला गाड्या कशाला? आणि अमेरिकनच का? सासऱ्यांना विचारलं की म्हणायचे, "आवडतात." का आवडतात म्हटलं तर, "आवडायला कारण लागतं का?" नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला की हा प्रश्न घरात त्याच्या जन्माआधीपासून पडून आहे, तू नवीन आहेस, तू सोडव.

सुटला तो अचानकच. एका सकाळी मी मागच्या खोलीत चहा द्यायला गेले, तर सासरे एक काळी ब्यूक फडक्याने पुसत बसले होते. समोर अर्धवट झालेली कवळी साच्यात होती.

"इकडे ये," ते म्हणाले. "हिचं तोंड बघ."

गाडीच्या पुढच्या जाळीला जाड, उभ्या, चंदेरी पट्ट्या होत्या आणि त्या खालच्या ओठावरून चक्क बाहेर आल्या होत्या.

"दात!" मी म्हणाले.

"दातच. आता मला सांग, चांगली कवळी कुठली?"

"घट्ट बसते ती?"

"छे. आहे हे कोणाला कळत नाही ती. कळलं की काम फसलं. म्हणून मी दात जरा पिवळट ठेवतो, एखादा किंचित वाकडा बसवतो, हिरडीत बारीक लाल धागे टाकतो. जन्मभर लपवायचं काम केलं मी. आणि तिकडे कोणा पठ्ठ्याने गाडीला दात काढले, घासून चमकवले आणि जगाला म्हणाला, बघा! मी कामाला नवीन लागलो होतो. दुकानाच्या काचेतून हिला बघितलं आणि रस्त्यात उभा राहून वेड्यासारखा हसत सुटलो. इतकं बेधडक काही मी बघितलंच नव्हतं."

सासरे एका दमात एवढं बोललेले मी तोवर ऐकले नव्हते. तसे ते मुखदुर्बळ. ज्याच्याशी मनमोकळं बोलतात असा घराबाहेर एकच माणूस, तो म्हणजे घड्याळवाले.

घड्याळवाले दोन चौक पलीकडे घड्याळं दुरुस्त करतात आणि तेही गाड्या जमवतात. असे आणखी एक सुतार आहेत, एक ग्रंथपाल बाई आहेत. या मंडळींचा नियम असा की आपसात गाडी विकायची नाही, गाडीच्या बदल्यात गाडी द्यायची. एकमेकांना ते धंद्याच्या नावानेच हाक मारतात, त्यामुळे दुकान आणि माणूस यांत फरक राहिलेला नाही. रविवारी सकाळी घड्याळवाल्यांच्या दुकानात जमतात. एकदा मी उत्सुकतेपोटी जाऊन बसले. एका दाराच्या बिजागरीवर त्यांनी सबंध सकाळ घालवली, आणि ते दारही उघडणारं नव्हतं.

यांचा खरा मासलेवाईक रिवाज मात्र वेगळाच. फार पूर्वी सासऱ्यांनी एक गाडी घड्याळवाल्यांना बदल्यात दिली आणि दिल्यावर त्यांना करमेना. मग चांगलं चालणारं मनगटी घड्याळ काढायचे आणि "जरा मागे पडतंय" म्हणून दुकानात जायचे. घड्याळवाले घड्याळ तपासेपर्यंत हे आपल्या गाडीकडे बघत उभे. असं बरेचदा झाल्यावर घड्याळवाले म्हणाले, "दातवाले, घड्याळाचे हाल नका करू. लेक सासरी दिली म्हणून काय झालं? आठ दिवस माहेरपणाला घेऊन जा." तेव्हापासून दिलेली प्रत्येक गाडी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुट्टीत, जुन्या मालकाकडे आठ दिवस राहून जाते. तिच्यासाठी फळीवर जागा करतात, खाली नवं फडकं अंथरतात. एका वर्षी मला शिकाऊ लोकांच्या गर्दीत माहेरी जायला सवड मिळाली नव्हती, आणि इथे पत्र्याच्या पोरी लाड करून घेत होत्या. मी हे बोलून दाखवलं, तर सासरे गंभीरपणे म्हणाले, "पत्र्याच्या नाहीत गं. ओतीव आहेत."

गोष्ट आहे हिरवीची. हिरवी म्हणजे गडद हिरव्या रंगाची पॅकार्ड, कपाटातली सगळ्यात जुनी, लांबलचक नाकाची, घरंदाज. गेल्या वर्षी सासऱ्यांनी ती घड्याळवाल्यांना दिली आणि बदल्यात उघडी घेतली. उघडी म्हणजे टप नसलेली, सायीच्या रंगाची कॅडिलॅक. तिच्यासाठी सासऱ्यांनी कित्येक वर्षं घड्याळवाल्यांची मनधरणी केली होती. यंदा हिरवीचं पहिलं माहेरपण. सासऱ्यांनी मधल्या फळीवर जागा मोकळी केली, फडकं स्वतः धुऊन, इस्त्री करून अंथरलं. ठरलेला दिवस गेला, हिरवी आली नाही. फोन केला तर घड्याळवाले म्हणाले, दुकानाचं काम काढलंय, पुढच्या आठवड्यात आणतो. पुढच्या आठवड्यात त्यांची तब्येत बिघडली. मग रविवारची बैठक रद्द झाली. मग त्यांचा मुलगा फोन घेऊ लागला.

"विकली," सासरे एका संध्याकाळी म्हणाले.

"अहो, माणूस आजारी असेल," सासूबाई म्हणाल्या.

"आजारी माणसाला गाडी पाठवता येत नाही? मुलगा सायकलवरून गावभर हिंडतो. विकली हिरवी. सरळ आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उघडीला कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलं. व्यवहार उलटा करायचा, त्यांची त्यांना परत, असं म्हणाले. या मंडळींत असं कधी झालं नव्हतं. व्यवहार उलटा म्हणजे एकमेकांच्या दाराची पायरी कायमची बंद, हे मलाही कळत होतं.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू जाऊन बघ गं. हा माणूस त्या घड्याळवाल्याशिवाय कोणाशी बोलत नाही. तो तुटला तर काय करणार हा? माझ्याशी बोलायला लागेल!" आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "पोटात ठेवून ठेवून आजारी पडेल बघ."

मी शिकवणीची गाडी काढून गेले. दुकानाचं काम खरोखरच काढलेलं होतं. एका बाजूच्या भिंतीचा गिलावा खरवडून विटा उघड्या पडल्या होत्या, सगळी घड्याळं मधोमध टेबलावर चादरीखाली टिकटिकत होती आणि ओल्या सिमेंटचा वास भरला होता. घड्याळवाल्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हिरवी कुठेय, काका?" मी सरळ विचारलं. आडवळणाने विचारणं मला जमत नाही.

त्यांनी आधी ती सामानात बांधलीय म्हणून सांगितलं, मग मुलाने कुठेतरी ठेवलीय म्हणाले. शेवटी खणातून एक डबा काढून उघडला. कापसात हिरवी होती. टप उभा चिरला होता, एक बाजू फुगून बाहेर आली होती, पुढचा मडगार्ड सुटा पडला होता. वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा सगळ्या अंगावर होत्या. मी हात पुढे केला तर घड्याळवाले ओरडले, "नको, नको! हात लावला की सांडते."

"पडली का?"

"पडली असती तर परवडलं असतं. नुसती ठेवली होती गं, त्या भिंतीच्या फळीवर. भिंतीला ओल आहे हे मला माहीत होतं. आज बघू, उद्या बघू करत राहिलो. आधी केसाएवढी भेग दिसली, मी डिंक लावला, तर आणखी फाकली. हे बघ, आतून गुलाबीही दिसतंय, कसली बुरशी धरलीय देव जाणे. मग सगळी भिंतच उकरली, पण आता काय उपयोग? दातवाल्यांनी धडधाकट पोर दिली आणि मी तिचं हे केलं. कुठल्या तोंडाने पाठवू माहेरी?"

त्यांनी हिरवीभोवतीचा कापूस दोन बोटांनी नीट केला. घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारे हात ते. सासऱ्यांना सांगू नकोस, म्हणाले. मी म्हटलं, मी सांगत नाही, पण त्यांना इथे घेऊन येते, तुम्हीच दाखवा, नाहीतर ते उघडी परत करायला निघालेच आहेत. हे ऐकून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आण."

सासरे गाडीत बसले ते मांडीवर उघडीचं खोकं घेऊनच. दुकानात घड्याळवाल्यांनी डबा पुढे ठेवला, ओल, भिंत, डिंक सगळं सांगितलं आणि हात जोडले. सासऱ्यांनी टेबलावरचं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ हिरवीवर वाकून राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले. रागाने झाले असतील, आता हे खोकं आपटणार, असं वाटून मी दाराशी सरकले.

पण ते सरळ झाले आणि म्हणाले, "होतं असं. जाऊ द्या हो. एवढं मनाला लावून घेऊ नका."

घड्याळवाल्यांना रडूच फुटलं. ते सारखं म्हणत राहिले, तुमचं मन मोठं आहे, तुमचं मन मोठं आहे. सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि खोकं काखेत मारून घाईघाईने बाहेर आले. मला तर सासऱ्यांचा इतका अभिमान वाटला की मीच त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं.

निघालो. माझी गाडी शिकवणीची, त्यामुळे शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आहे, शिकाऊ माणूस खांबावर जायला लागला की मी दाबते तो. सासरे त्या सीटवर बसले होते. मी त्यांचं कौतुक करत होते, सासूबाईंना काय काय सांगायचं ते ठरवत होते. आणि बोलता बोलता माझी खोड आडवी आली.

"बाबा, त्या भेगेत ते गुलाबी काय होतं हो? बुरशी गुलाबी असते का?"

गाडी गचकन थांबली. मी ब्रेक दाबला नव्हता. मागून भोंगे वाजायला लागले. मी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि शेजारी बघितलं, तर सासऱ्यांचा पाय अजून त्या ब्रेकवरच होता.

"बुरशी नाही," ते म्हणाले. "हिरडीचं सामान आहे. माझं."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. जुन्या ओतकामात जस्तात कधी चुकून शिसं मिसळलेलं असतं. अशी गाडी दिसायला धडधाकट, पण आतून कीड लागलेली. वर्षानुवर्षं काही दिसत नाही, मग एक बारीक भेग येते, मग ती फुगत, फुटत जाते. त्याला औषध नाही. त्यांची एक गाडी पूर्वी अशीच गेली होती, त्यामुळे ते चांगलं ओळखून होते. हिरवीच्या टपाखाली केसाएवढी रेघ त्यांना गेल्या वर्षी दिसली होती, द्यायच्या आधी.

"मी ती भरली. हिरडीचं सामान घातलं, घासलं, वरून रंग दिला. दाताची छटा जुळवणाऱ्याला हिरवा रंग जुळवणं काय कठीण? कोणाला कळलं नसतं. सवयीने हात गेला, असं मी स्वतःला सांगत होतो. पण नुसती सवय नव्हती ती. उघडी हवी होती मला."

"आणि भिंतीची ओल?"

"ओलीने लवकर झालं असेल. पण होणारच होतं. माझ्या घरात असती तरी."

मला संताप आला. सासऱ्यांशी कसं बोलावं याचे माझे जे काही नियम होते ते त्या क्षणी गळून पडले. "म्हणजे तो बिचारा भिंत उकरत बसलाय, रडतोय, तुमचं मन मोठं म्हणतोय, आणि तुम्ही त्याच्या खांद्यावर थोपटून आलात?"

"हो," सासरे म्हणाले.

"मग आता?"

ते मांडीवरच्या खोक्याकडे बघत राहिले. "खरं सांगितलं तर तो मला दारात उभा करणार नाही. गप्प राहिलो तर येत जाईल, बोलत जाईल, सगळं पहिल्यासारखं होईल. काय करू सांग."

हा प्रश्न त्यांनी मला खरोखरच विचारला होता. पण ते उत्तर देणं माझं काम नव्हतं. गाडी मात्र सुरू केली नाही. शेवटी त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि म्हणाले, "वळव."

घड्याळवाले डबा बंद करून खणात ठेवत होते. सासऱ्यांनी दारातूनच सांगायला सुरुवात केली, आत जायचाही धीर झाला नसावा. कीड, भेग, गुलाबी सामान, वरचा रंग. उघडी हवी होती, हेही सांगितलं, त्यांनी ते गाळलं असतं तरी मी बोलले नसते. मग खोकं टेबलावर ठेवलं. "ही तुमची. मी फसवलं तुम्हाला."

घड्याळवाल्यांना समजायला वेळ लागला. मग ते उठलेच. "भिंत उकरली मी!" ते ओरडले. "अख्खी भिंत! घरी बोलणी खाल्ली, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, आरशात बघायची लाज वाटायची मला! पोर मारली म्हणून! आणि तुम्ही मघाशी इथेच उभे राहून म्हणालात, जाऊ द्या हो?"

"म्हणालो."

"तुम्हाला वाटलं काय, कीड आहे सांगितलं असतं तर मी उघडी दिली नसती?"

"कोण देईल? काही वर्षांत भुगा होणारी गाडी घेऊन चांगली गाडी कोण देईल?"

"मी!" घड्याळवाल्यांनी टेबलावर हात आपटला, चादरीखालची कुठली तरी घंटा वाजली. "मी दिली असती, दातवाले! पोर आजारी आहे म्हणून सांगून दिली असतीत, तरी घेतली असती. जितके दिवस आहे तितके दिवस नीट सांभाळली असती. कोरड्या जागी ठेवली असती. रोज बघितली असती. ते दिवस खाल्लेत तुम्ही माझे."

सासऱ्यांनी मान खाली घातली. इतकी वर्षं मी त्यांना पाहते आहे, पण ते इतके लहान कधीच दिसले नव्हते. मला त्यांचा राग आला होता तो गेला आणि नुसतं वाईट वाटायला लागलं.

"मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही घेतली असती, हे."

घड्याळवाल्यांनी खण उघडला, डबा परत बाहेर काढला आणि दोघांना बघता येईल असा टेबलाच्या मधोमध ठेवला. हिला आता हलवता यायचं नाही, म्हणाले, जायची ती इथेच जाईल. खोकं उघडून त्यांनी सायीच्या रंगाची ती उघडी बाहेर काढली आणि हिरवीच्या शेजारी उभी केली. गिऱ्हाइकाचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. त्यांचा राग गेला नव्हता, तो तोंडावर तसाच होता.

"आता माहीत झालं ना?" ते म्हणाले. "मग बसा."

सासरे बसले.